चौघे परत आले

नागपूरचा उन्हाळा ज्याने एकदा सोसला आहे, त्याला मे महिन्यात येथील माणसे गाव सोडून का निघतात हे निराळे सांगावयास नको. आमचे घर लकडगंजात. नावाप्रमाणेच ही वस्ती लाकडाची. सकाळी आरा सुरू झाला की सागवानाच्या भुशाचा वास खिडकीतून आत येतो, आणि दुपारी पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला म्हणजे तो भुसा आता आपोआप पेट घेतो की काय, अशी भीती वाटू लागते. कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत गेले, की दर वर्षी आमच्याकडे एकच प्रश्न चर्चेस येतो: यंदा कोठे? पचमढी झालेली असते, चिखलदरा तर तोंडपाठ. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या कन्येने एकदम चीनचे नाव काढले, आणि मी नेहमीच्या सवयीने ‘पाहू’ म्हणण्याच्या आत तिच्या आईने त्या ठरावास अनुमोदन देऊन टाकले.

अनुमोदनाचे कारण मला ठाऊक होते. सौ.चे माहेर सोलापूर. सोलापूरच्या माणसाजवळ चीनचा विषय काढा. तो तुम्हांस ना ह्यूएन त्संग सांगेल, ना माओ. तो डॉक्टर कोटणिसांचे नाव घेईल. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० मधील, सोलापूरचा. १९३८ मध्ये ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतः कोटणिसांची भूमिका केली, आणि ते नाव घरोघर पोहोचले. ‘आमच्या सोलापूरचे डॉक्टर’ हे शब्द लग्न झाल्यापासून मी इतक्या वेळा ऐकले आहेत की, त्यांना उत्तर म्हणून नागपूरच्या संत्र्यांखेरीज मला कधी काही सुचले नाही. त्या डॉक्टरांच्या समाधीवर माहेरचे म्हणून एक फूल वाहावे, एवढीच सौ.ची इच्छा होती.

तयारीचे वर्णन करीत नाही. चिवड्याचे डबे किती न्यावेत यावर दोन दिवस वाद झाला आणि माझ्या गोळ्या-औषधांची पिशवी चिवड्यापेक्षा मोठी निघाली, इतके सांगितले म्हणजे पुरे. शेजारचे शेठजी, ज्यांची आमच्या भिंतीला लागूनच लाकडाची वखार आहे, निरोप द्यावयास आले तेव्हा म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तेवढं बघून या, तिकडे दारं-खिडक्यांना लाकूड कोणतं वापरतात.” मी पाहून येतो म्हणालो.

पेकिंग, म्हणजे आताचे बीजिंग, याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. राजवाडा मोठा आहे, भिंत लांब आहे, आणि दोहोंवरही माणसांची दाटी आहे. तेथून दक्षिणेकडे वेगवान गाडीने सव्वा-दीड तासात आम्ही शिच्याच्वांग या शहरी उतरलो. होपे प्रांताची ही राजधानी, परंतु सहलीच्या पुस्तकांतून तिला फारशी जागा नाही. आमच्या चिरंजिवांनी उतरल्याबरोबर ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न केला आणि ‘मामाच्या गावचा माणूस’ असे उत्तर आईकडून मिळविले.

हुतात्म्यांचे ते उद्यान शहरातच आहे. सदाहरित वृक्षांच्या रांगा, त्यांमधून स्वच्छ वाटा, आणि या वाटांच्या आधाराने दोन परकीयांच्या समाधी: एक कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांची, दुसरी आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांची. कोटणिसांचा पांढरा पुतळा तेथे उभा आहे. सौ.ने फूल वाहिले. ती काही बोलली नाही. मीही त्या दिवशी संत्र्यांचा उल्लेख केला नाही. शेजारी स्मृतिदालन आहे. तेथे आम्हांस हिंडवून दाखविणारी मुलगी विशीबाविशीची असेल. इंग्रजी बेताचे, पण उच्चार सावकाश करी. पाच डॉक्टरांच्या एका छायाचित्रापुढे ती थांबली आणि एकेकावर बोट ठेवून नावे सांगू लागली. आय देहुआ. झुओ केहुआ. के दिहुआ. बा सुहुआ. मु केहुआ. प्रत्येक नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन. पाचही पाहुण्यांच्या नावांना चिनी लोकांनी आपल्या देशाचे नाव जोडले होते. के दिहुआ म्हणजे कोटणीस, हे सौ.ला पाठच होते. आय देहुआ म्हणजे अलाहाबादचे डॉक्टर अटल, बा सुहुआ म्हणजे कलकत्त्याचे बसू, मु केहुआ तेथलेच मुकर्जी. राहिला झुओ केहुआ. पन्नाशी उलटलेला, पथकातील तरुणांमध्ये उठून दिसणारा गृहस्थ.

“हे कोणत्या गावचे?” कन्येने विचारले.

त्या मुलीने हातातील कागद पाहिला आणि ‘ना, ग, पूर’ अशी तीन अक्षरे सुटी सुटी करून उच्चारली.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी इतिहासाचा प्राध्यापक. नागपुरात जन्मलो, नागपुरात शिकलो, नागपुरातच पंचवीस वर्षे अर्वाचीन भारताचा इतिहास शिकवीत आलो. आणि माझ्या गावच्या डॉक्टर मोरेश्वर रामचंद्र चोळकर यांचे नाव मला माझ्या घरापासून हजारो मैलांवर, एका चिनी मुलीच्या तोंडून कळावे! चिरंजीव हसला नाही, हे त्याचे उपकार.

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत आणि पुढे घरी आल्यावर कित्येक दिवस मी एकाच प्रश्नाचा विचार करीत होतो: हे मला ठाऊक कसे नव्हते? १९३८ हे वर्ष मला अनोळखी नव्हते. उलट नागपूरच्या राजकारणात त्या वर्षाइतके गाजलेले दुसरे वर्ष क्वचितच सापडेल. मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्य प्रधान डॉक्टर नारायण भास्कर खरे यांनी जुलै महिन्यात राजीनामा दिला, नवे मंत्रिमंडळ बनविले, वर्ध्यास काँग्रेसची कार्यकारिणी बसली, तिने खऱ्यांना दोषी ठरविले आणि रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान झाले. ‘खरे प्रकरण’ म्हणून हा अध्याय प्रसिद्ध आहे. कोण कोणास काय म्हणाले, कोणी कोणत्या गव्हर्नराची भेट केव्हा घेतली, हे मी वर्गात तारीखवार सांगत आलो आहे. परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले आहेत. वर्ध्याच्या त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी सुभाषचंद्र बोस होते. त्याच सुभाषबाबूंच्या पुढाकाराने, त्याच उन्हाळ्यात, चीनला पाठविण्याच्या वैद्यकीय पथकाची जमवाजमव चालली होती, आणि खरे प्रकरणाचा धुरळा खाली बसण्याच्या आतच नागपूरचा दुसरा एक डॉक्टर गाव सोडून मुंबईच्या धक्क्याकडे निघाला होता. एका डॉक्टराने खुर्ची सोडली हे आम्ही लिहून ठेवले. दुसऱ्याने घर सोडले, ते लिहावयाचे राहून गेले. इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेचा हा दोष आहे आणि त्यात मी माझी गणना पहिल्याने करतो.

ही मोहीम निघाली कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड युद्ध लादले. वर्ष संपण्यापूर्वी राजधानी नानकिंग पडली आणि तेथील नागरिकांचे जे हाल झाले त्यांची वार्ता जगभर गेली. चिनी सेनेजवळ माणसे होती, डॉक्टर नव्हते. आठव्या सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून साह्य मागितले. पुढे हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषबाबूंकडे आले, देशभर चीनच्या नावाने सभा भरल्या, निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. पथकाचे प्रमुख मदनमोहनलाल अटल. हे स्पेनच्या यादवीत लोकपक्षाच्या जखमींची शुश्रूषा करून आलेले. उपप्रमुख आमचे चोळकर. बाकीचे तिघे तरुण: देवेश मुकर्जी, विजयकुमार बसू आणि मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, पुढील परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून निघालेले कोटणीस. स्वतःच्या घरात जो देश पारतंत्र्यात होता, त्याने दुसऱ्याच्या घराची आग विझविण्यास पाच माणसे पाठवावीत, यातील उदारता आज आपल्याला सहज वाटते. परंतु त्या काळी परदेशी जावयाचे तर पारपत्रासाठीसुद्धा इंग्रज सरकारच्याच दारी उभे राहावे लागे, हे विसरता कामा नये.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या आगबोटीतून हे पथक मुंबईहून निघाले. (ही आगबोट पुढे महायुद्धात आरमाराने आपल्या कामी घेतली आणि १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडविली. परत न आलेल्यांत तिचीही गणना करावी लागेल.) मुंबईपासून कँटनपर्यंतच्या त्या जलमार्गाचा विचार करताना माझ्या मनात एक गोष्ट वारंवार येते. शंभर वर्षांपूर्वी याच बंदरातून याच मार्गाने माळव्याची अफू चीनला जात असे. तिच्या पेट्यांवर मुंबईतील कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या, आणि मोठमोठ्या देणग्यांची मुळे शोधीत गेले तर ती पुष्कळदा त्या व्यापारापर्यंत पोहोचतात. ज्यांच्या नावाने मुंबईचे प्रसिद्ध रुग्णालय १८४५ मध्ये उभे राहिले, त्या सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीतही चीनच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. ज्या वाटेने तीन पिढ्या विष गेले, त्याच वाटेने या खेपेस औषधाच्या पेट्या चालल्या होत्या. आपल्याकडून गेलेल्या या दोन्ही मालांचा जमाखर्च मात्र एका वहीत कोणी मांडीत नाही.

१७ सप्टेंबरला पथक कँटनला पोहोचले. सुन्यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. तेथून हँको, आणि शत्रू जवळ येऊ लागला तसे यांगत्सेच्या वरच्या अंगाला इचांग व पुढे चुंगकिंग, असा त्यांचा प्रवास झाला. ज्या कँटनमध्ये त्यांचे स्वागत झाले ते २१ ऑक्टोबरला पडले. ज्या हँकोच्या रुग्णालयात त्यांनी जखमींची पहिली सेवा केली तेही त्याच महिन्याच्या अखेरीस गेले. गाव मागे पडावे आणि पाठोपाठ ते शत्रूच्या हाती गेल्याची बातमी यावी, असा हा प्रवास. चुंगकिंगला असतानाच वडील वारल्याचे कोटणिसांना कळले. ते परत फिरले नाहीत. जानेवारीच्या उत्तरार्धात पथकाने उत्तरेची वाट धरली आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला, म्हणजे आठव्या सेनेच्या व माओच्या मुख्य ठाण्यास पोहोचले.

शिच्याच्वांगहून पुढे आमचा बेत शिआन पाहून परत फिरण्याचा होता. पण त्या छायाचित्रानंतर सौ.च म्हणाली, “तुमच्या नागपूरच्या डॉक्टरांचं शेवटचं गाव येनान ना? मग तेही पाहूच.” ‘तुमच्या’ या शब्दावर जोर होता, पण तो टोचणारा नव्हता.

शिआनमध्ये आम्ही ह्यूएन त्संगाचा मनोरा पाहिला. भारतातून त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली तो बांधला गेला. समोर त्या यात्रेकरूचा मोठा पुतळा आहे आणि संध्याकाळी तेथे गावातील माणसे मुलाबाळांसह फिरावयास येतात. हा पुरुष सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. पुलकेशीचे राज्य त्याने पाहिले. येथील लोक मानी आहेत, उपकार करणाऱ्याचे उपकार ते स्मरतात आणि अपमान करणाऱ्याचा सूड घेतात, अशा आशयाचे त्याने जे लिहून ठेवले, ते आमच्या शाळेच्या पुस्तकापासून निवडणुकीच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र उद्धृत होत असते. मीही ते वर्गात अभिमानाने सांगत आलो आहे. त्या संध्याकाळी त्या पुतळ्यापुढे उभा असताना त्यातील पहिले अर्धे मला नीट आठवेना.

ह्यूएन त्संगाची दुसरी एक गोष्ट मात्र तेथे आठवली. तो परत आला होता. ६४५ साली तो आपल्या राजधानीत, म्हणजे याच गावी परतला तेव्हा त्याला पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. बादशहाने त्याच्याकडून प्रवासाचा वृत्तांत लिहून घेतला, आणि सहाशेंहून अधिक ग्रंथांच्या भाषांतराची त्याची सोय लावून दिली. तो वाटेत हिमालयात कोठे थिजून गेला असता, तर त्याचे नाव कदाचित एखाद्या शिलालेखात उरले असते. त्याची सगळी कीर्ती परत येण्याची आहे. परत येणारा माणूस विस्मृतीत जातो असा काही निसर्गनियम नाही. त्याला ‘काय पाहिलेत?’ असे विचारणारा आणि त्याचे बोलणे उतरून घेणारा कोणीतरी भेटावा लागतो.

२०१९ मध्ये शिआनहून येनान आगगाडीने अडीच तासांवर होते. बोगद्यांमागून बोगदे, आणि दोन बोगद्यांच्या मध्ये जो क्षणभर उजेड पडतो त्यात पिवळ्या मातीचे डोंगर दिसतात. ही माती वाऱ्याने हजारो वर्षे आणून टाकलेली. मऊ, पण उभी कापली तर तशीच उभी राहणारी. म्हणून या मुलखातील माणसे डोंगराच्या कुशीत कमानदार गुहा कोरून त्यांत राहत. दारावर लाकडी जाळीची चौकट, तिला आतून कागद. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. वैदर्भीयाने हेवा करावा असे घर! २० नोव्हेंबर १९३८ रोजी जपानी विमानांनी येनान गावावर बाँब टाकले, आणि त्यानंतर बहुतेक वस्ती आसपासच्या या गुहांतच गेली. पथक पोहोचले ते यानंतर अडीच-तीन महिन्यांनी. त्यांना राहावयास गुहा, रुग्णालयही गुहांचे. आम्ही गेलो त्या दिवशी हवा सुखाची होती. फेब्रुवारीत येथे पाणी गोठते. मालमोटारीच्या पाठीवर बसून, खाचखळग्यांची वाट तुडवीत, पन्नाशी ओलांडलेला एक नागपूरकर येथवर आला. माझेही वय त्याच टप्प्यातले. कोरलेल्या पायऱ्या चढून एका गुहेपर्यंत जाताना मी दोनदा थांबलो, कन्येने माझ्या हातातील पिशवी घेतली, आणि त्या क्षणी चोळकरांविषयी मला जे वाटले ते कोणताही कागद वाचून वाटले नसते. नागपुरातील काँग्रेसच्या कामात वावरलेला, स्वतःच्या गावात ओळख असलेला हा माणूस. तरुणाने साहस करावे. त्याच्यापुढे आयुष्य मोकळे असते आणि मागे फारसे काही नसते. पन्नाशीत माणसाच्या मागे दवाखाना असतो, घर असते, रोजच्या सवयी असतात, आणि आपल्या शरीराची त्याला पुरती ओळख झालेली असते. हे सर्व समजून-उमजून त्याने आगबोटीचा जिना चढावा, ही गोष्ट मला तरुणांच्या साहसापेक्षा कमी वाटत नाही. पक्षपात असेल, तो मी मान्य करतो.

मुळात हे पथक जन्मभरासाठी गेलेले नव्हते. काही मुदत काम करावे आणि परत यावे असाच बेत होता. १९३९ मध्ये चोळकर वयोमानामुळे आणि मुकर्जी आजारपणामुळे परत आले. त्याच वर्षी नेहरू स्वतः चुंगकिंगला जाऊन आले, पण युरोपात महायुद्ध पेटल्याने त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला. नोव्हेंबरात अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून आघाडीच्या प्रदेशात गेले. १९४० मध्ये अटलही मायदेशी परतले. बसू येनानला माघारी आले आणि १९४३ पर्यंत तेथे राहिले. कोटणीस तेवढे पुढे गेले, शत्रूच्या पिछाडीस असलेल्या डोंगरी मुलखात. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये, शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. ते चिनी बोलत, चिनी लिहीत, चिनी विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवीत. त्याच वर्षी क्वो चिंग-लान या परिचारिका-शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेविले, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

या कुटुंबाची पुढील हकीकत मला येथे गाळता येत नाही, कारण चित्रपट जेथे संपतो तेथे लोकांची माहितीही संपते. यिनहुआ वैद्यकच शिकत होता. १९६७ मध्ये ऐन तारुण्यात तो वारला. दोन्ही देशांची नावे एकत्र धारण करणारा मुलगा असा गेला, आणि तोपर्यंत १९६२ चे युद्ध होऊन त्या दोन देशांतही बोलणे उरले नव्हते. आई मात्र राहिली. ती भारतात येऊन गेली, सोलापूरच्या सासरच्या माणसांशी तिने नाते राखले, आणि २०१२ मध्ये वयाच्या नव्वदीनंतर वारली. चिनी राज्यकर्ते भारतात आले की कोटणिसांच्या भगिनींना आवर्जून भेटत. २००६ मध्ये हू चिंताव मुंबईस आले तेव्हा भेटले, आणि २०१४ मध्ये शी चिनफिंग आले तेव्हा मनोरमाबाई कोटणीस यांचा दिल्लीत सन्मान झाला. सीमेवर काहीही चालो, ही भेट चुकत नसे. तिच्यात मुत्सद्देगिरीचा भाग किती आणि कृतज्ञतेचा किती, याचा हिशेब मी करीत नाही. इतकी वर्षे पाळलेला रिवाज केवळ मुत्सद्देगिरीवर टिकत नाही, एवढे मला वाटते.

कोटणिसांची बरोबरी चोळकरांशी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. जो शेवटपर्यंत राहिला त्याचे मोल निराळे, हे सौ.ने मला सांगण्याची गरज नाही, तरी तिने ते सांगितले. परंतु ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये या पथकावर पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘आणि एक परत आला नाही’ अशा अर्थाचे आहे, आणि त्या नावातच सगळ्या स्मरणाची दिशा ठरून गेली. एक परत आला नाही, म्हणजे चौघे परत आले. त्या चौघांत बसूंचे नाव थोडेफार टिकले, कारण त्यांनी रोजनिशी ठेवली. तिचे पुस्तक १९८६ मध्ये, ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी निघाले. शिवाय १९५९ मध्ये पुन्हा चीनला जाऊन ते सुया टोचण्याची चिनी उपचारपद्धती शिकून आले आणि ती त्यांनी आपल्याकडे चालू केली. त्यांच्याजवळ दाखविण्यास काहीतरी होते. मृत माणसाला समाधी असते. तेथे फूल वाहता येते, राष्ट्राध्यक्षाला दोन मिनिटे उभे राहता येते, पुतळ्याची जागा आपोआप ठरते. परत आलेल्याचे असे ठिकाण कोणते? तो आपल्याच गावात, आपल्याच रस्त्याने चालत असतो. भाजीबाजारात त्याला कोणी ‘डॉक्टर, या’ म्हणत असेल. ज्याला रोज पाहतो त्याच्यावर आपण इतिहास लिहीत नाही. मग तो जातो, त्याला ओळखणारे जातात, आणि एके दिवशी त्याच गावच्या इतिहासाच्या प्राध्यापकाला त्याचे नाव परदेशात विचारावे लागते.

घरी परतलो तेव्हा जून लागला होता, पाऊस नव्हता. त्या वर्षी खरे प्रकरण शिकविताना मी दहा मिनिटे अधिक घेतली. मंत्रिमंडळाच्या तारखा फळ्यावर एका बाजूस लिहिल्या आणि दुसऱ्या बाजूस ‘राजपुताना’, १ सप्टेंबर १९३८, असे लिहून त्याखाली पाच नावे मांडली. ‘हे परीक्षेला येणार का?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले. येणार म्हणून सांगितले.

पण त्याआधी, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, शेठजी आले. चहा झाला. कन्येने त्यांना येनानच्या गुहांची चित्रे दाखविली, आणि मी त्यांना सगळी हकीकत सांगितली: सोलापूरच्या डॉक्टरांची, समाधीची, मग आमच्या नागपूरच्या चोळकरांची, ते कसे गेले, कसे राहिले आणि वर्षभरात कसे परत आले, आणि आपण त्यांना कसे विसरलो. माझे बोलणे थोडे लांबले असावे. शेठजी शांतपणे ऐकत होते.

“घरी परत आले ना?” ते म्हणाले. “मग बरं झालं की, प्रोफेसरसाहेब.”

मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, त्या चित्रातील खिडकीची जाळी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ निरखली आणि लाकूड कोणते ते विचारले. ते पाहावयाचे मी विसरलो होतो.